पंधरवड्याचा आजार

३ मार्च
खोलीवरून

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

तू संध्याकाळी कुलूप उघडशील तेव्हा मी अण्णांच्या उशाशी पोचलेली असेन. थांब्यावर आपल्या दोघींच्या गाड्या समोरासमोर उभ्या राहतात ती पंधरा मिनिटं तू माझ्या वजनावर घालवतेस, म्हणून कामाचं सगळं नेहमीसारखं इथे लिहून चहाच्या डब्याखाली ठेवते आहे. फोनचं नाव काढू नकोस. कंपनीचं ॲप त्यात घातल्यापासून मला फोनवर मोकळेपणाने शिंकताही येत नाही.

आधी साध्या गोष्टी. आपल्या रांगेतल्या खिडकीवालीच्या लेकीला मुलगी झाली. मी अभिनंदन केलंय, तू पुन्हा करू नकोस, फक्त बाळाचं वजन विचार. आपल्या सुपरवायझरांना, म्हणजे हेडमास्तरांना, मी मंगळवारी उलटून बोलले आणि बुधवारी माफी मागितली. ते अजून फुगलेले दिसले तर ते माझ्यामुळे आहेत, पण बोलणी तू खा. लॉकरचं दार अडकतं, जरा उचलून ओढ.

आता डोक्याला ताप. नोटीस लागली आहे. प्रत्येक कामगाराच्या हातात, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये, कातडीखाली चिप बसवणार. तांदळाच्या दाण्याएवढी असते म्हणे. गेट, लॉकर, कँटीन, बाथरूम, सगळं हात दाखवून उघडायचं. ओळखपत्रं जमा करायची. अकरा वर्षं आपण दोघी मिळून एक बाई आहोत. पंधरा दिवस तू इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या आणि मी अण्णांचं करायचं, पुढचे पंधरा दिवस उलट. कागदावर एकटी तू. टोपी, मास्क आणि तो पांढरा झगा चढवला की आपल्या डोळ्यांखेरीज काही दिसत नाही, आणि डोळे आपल्याला आईने एकाच साच्यातून काढून दिलेत. पण ओळखपत्र एकीच्या खिशातून दुसरीच्या खिशात जातं. हाताचं काय करायचं?

दुसरी गोष्ट सांगते, पण रागावू नकोस. पूर्वी बाटल्यांचा आकडा हेडमास्तर पेन्सिलीने लिहायचे आणि महिन्याअखेर चढउतार सारखा करून टाकायचे. गेल्या वर्षी मोजायचं मशीन आलं, त्याला तेवढी माणुसकी नाही. गुरुवारी कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. स्क्रीनवर तुझं नाव आणि खाली एक रेघ, पंधरा दिवस वर, पंधरा दिवस खाली, पुन्हा वर. वर म्हणजे मी, दिवसाला चोवीसशे बाटल्या. खाली म्हणजे तू, एकोणीसशे, आणि रिजेक्ट माझ्या दुप्पट. हे काय आहे असं त्यांनी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी सांगितलं की मला पंधरा-पंधरा दिवसांनी डोळ्यांपुढे धुरकट होतं, हात जड पडतात, मग आपोआप बरं वाटतं, आमच्या घरातच आहे ते. डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांनी सगळं टाइप करून घेतलं, मध्येमध्ये मला शाबासकी दिल्यासारखी मान हलवत होते. मी वेळ मारून नेली असं मला वाटतं.

कळावे. माया आहे तशी राहू दे. अण्णांची नखं मी कापीन.

तुझी,
बारकी


१७ मार्च
खोलीवरून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तू वेळ मारून नेलीस, ती माझ्या अंगावर पडली. सोमवारी गेटवरूनच मला दवाखान्यात नेलं. तुझ्या त्या आजाराला आता नाव आहे, मला ते म्हणता येत नाही. माझा धुरकट पंधरवडा चालू आहे असं त्यांनी मशीनमध्ये पाहिलं होतं, म्हणून रोज सकाळी नर्ससमोर एक गोळी गिळायची. जीभ उचलून दाखवायची. पहिल्या दोन दिवसांत डोकं जड झालं आणि मग हळूहळू काहीच वाटेनासं झालं. बाटली काळ्या पडद्यासमोर धरली तरी मन कुठेच जात नाही. चौदा दिवस मी तुझं खोटं खरं करत होते. रागही आला नाही, ते गोळीमुळे असेल. गोळ्या संपल्यावर येईल, तेव्हा लिहीन.

तुझ्या पंधरवड्यात गोळी नाही. तू बरी असतेस तेव्हा द्यायची नसते.

चिपचं ऐक. मला आता निरीक्षणाखाली ठेवलं आहे आणि निरीक्षणातल्यांना आधी चिप. तीस मार्च, शनिवार, सकाळी दहा. मुद्दाम माझ्या बऱ्या पंधरवड्यातला दिवस निवडला, म्हणजे अंग सोसेल, असं ऑफिसातली मुलगी प्रेमाने म्हणाली. त्याच वेळी सहामाही डोळेतपासणीही उरकून घेणार. चिप हाताचं तापमान आणि नाडीही वाचते आणि प्रत्येक दरवाज्याला सांगते. हे ऐच्छिक आहे. फॉर्मवर दोन चौकटी आहेत, एक ‘मी संमती देते’ आणि दुसरी ‘मी आनंदाने संमती देते’. मी पहिलीवर खूण केली.

खिडकीवालीने फॉर्म परत केला. ती म्हणाली की आपण किती वेळा बाथरूमला जातो हे तिने तीस वर्षांत नवऱ्याला सांगितलं नाही, ते कंपनीला कशाला सांगायचं. सगळ्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी तिला खोके घडी करायच्या खोलीत पाठवलं. तिथे खिडकी नाही. तिच्या नातीचं वजन तीन किलो आहे.

एक चांगलं सांगते. बुधवारी मला एका बाटलीत काच सापडली, पापणीच्या केसाहून बारीक. पांढऱ्या पडद्यासमोर दिसली नाही, काळ्यासमोर वाटलं, पुन्हा फिरवली तेव्हा चमकली. शंका आली की बाजूला ठेवायची, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगते ते यासाठी. ती कुणाच्या तरी दंडात गेली असती. हेडमास्तरांनी ती भिंगाखाली ठेवून सगळ्यांना दाखवली.

कळावे. लोभ आहेच, त्याला धक्का लागलेला नाही.

तुझी,
ताई


२३ मार्च
खोलीवरून, टपालाने

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडीच्या अदलाबदलीपर्यंत थांबवत नाही म्हणून टपालात टाकते आहे. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मला शहाणपणा नडला हे मला कळलं आहे, ते तू लिहिलं नाहीस तरी चालेल. तू जीभ उचलून दाखवलीस हे वाचून मला कसंतरी झालं.

तीस तारखेला तिथे कुणी बसायचं? चिप माझ्या हातात गेली तर मी कायमची तू होणार. ताई, मला ते नको आहे. मी हे काम करते कारण तू करतेस. मला बाटल्या आवडत नाहीत, ही खोली आवडत नाही, समोरच्या भिंतीवरचा तो पाइप मला तोंडपाठ झाला आहे. मी पंधरा दिवस ढकलते ते घरी जायचं असतं म्हणून. अण्णा माझ्या हातून जेवतात. मी नकला करते तेव्हा हसतात. तुझ्यासमोर ते शाळेत बसल्यासारखे बसतात, हे तुलाही माहीत आहे. आणि तुला ही नोकरी आवडते, काच सापडल्याचं तू ज्या थाटात लिहिलं आहेस तसं तू कधी कशाबद्दल लिहीत नाहीस. मग चिप तुझ्या हातात का नको? डोळेतपासणीचं आपण काहीतरी करू.

नाहीतर खरं सांगून टाकू. दोघींना दोन चिपा बसवा म्हणावं, अर्धं अर्धं काम लावा. मी हेडमास्तरांना आडून विचारून पाहिलं की समजा दोन बायका एकच काम वाटून करत असतील तर मशीन काय म्हणेल. ते वहीतून वर बघतच नव्हते. मग म्हणाले की एका नावाला मशीन एकच हात घेतं. थोड्या वेळाने म्हणाले की आता त्यांच्या पेन्सिलीत काही राहिलेलं नाही. ताई, त्यांना सगळं माहीत होतं. बहुधा अकरा वर्षं माहीत होतं.

उलट टपाली लिही. तू सांगशील तसं करीन, पण हे सांगू नकोस.

बारकीवर राग धरू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
बारकी


२६ मार्च
घरून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र आज सकाळी मिळालं. पोस्टमन दारात उभा असतानाच हे लिहायला घेतलं, त्याला चहा देऊन थांबवलं आहे, म्हणजे हे आजच निघेल.

डोळेतपासणीचं काही करता येणार नाही. माझ्या डाव्या डोळ्यात डाग आहे तो मोठा झाला आहे. उजव्याने चौथी ओळ दिसते, पाचवी अंदाजाने. अकरा वर्षं प्रत्येक तपासणीला तूच गेलीस, म्हणून ही नोकरी टिकली. आता चिप आणि तपासणी एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर आहे. मी बसले तर पाचव्या ओळीला सगळं संपेल.

खरं सांगायचं म्हटलं तर अकरा वर्षांची खोटी हजेरी सांगावी लागेल. दोघींना बाहेर काढतील. अण्णांचं महिन्याचं इंजेक्शन कंपनीच्या दवाखान्यातून येतं ते ‘कामगार ताईचे वडील’ म्हणून येतं. ते एक महिना चुकलं तेव्हा काय झालं होतं ते तुला आठवत असेल. त्यांनी तुला ओळखलं नव्हतं, आणि आपल्याच हाताला घाबरले होते. इंजेक्शन दुसरीकडे मिळत नाही, मी विचारून ठेवलं आहे.

तेव्हा हात तू दे. यात मी तुला विचारत नाही. तू मला विचारलंस म्हणून सांगते.

तू लिहिलंस ते बरोबर आहे, मला ती नोकरी आवडते. ती मी मिळवली होती. पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा मी माझं नाव सांगितलं होतं आणि माझ्यासमोर ते रजिस्टरात चढवलं होतं. तू घरी असायला हवीस आणि मी तिथे, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे, पण आपले डोळे आणि आपले स्वभाव चुकीच्या जागी पडले. मला फार वाईट वाटतं आहे. काल भांडी घासून ठेवली आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा घासली. शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

शनिवारी आंघोळ करून जा, हात कोरडा ठेव. नाव विचारलं तर अडखळू नकोस.

पोस्टमन घड्याळ बघतो आहे. तुझ्यावर जीव आहे, तो मोजायला मशीन नको.

तुझी,
ताई


३१ मार्च
खोलीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. आज रविवार, आपल्या गाड्यांचा दिवस. अकरा वाजता मी थैली भरायला घेतली होती, मग आठवलं.

काल चार खुर्च्या मांडल्या होत्या. माझी दुसरी. आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, मग जाड सुई. नर्स बोलकी होती, सुईपासून लक्ष काढायला म्हणून नाव विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली जरा मोठ्याने. मी मोठ्याने सांगितलं. स्कॅनर हातावर फिरवला तेव्हा स्क्रीनवर तुझं पूर्ण नाव आलं, वय, रक्तगट, आजार, वडिलांचं इंजेक्शन, सगळं. रक्तगट आपला एकच आहे, तेवढ्यासाठी देवाचे आभार. डोळेतपासणीत मी खालच्या ओळीपर्यंत वाचलं. डॉक्टर म्हणाले की बऱ्या पंधरवड्यात नजर किती छान असते पाहा.

दुखलं नाही. दुखेल म्हणून मी तयारी केली होती. अंगठा अजून बधिर आहे, कप उचलला की दुसऱ्याच कुणाचा तरी हात कप उचलतो असं वाटतं. दोन दिवसांत जाईल म्हणाले. गेटला हात दाखवला, हिरवा दिवा लागला, गेट उघडलं. सहा-सात जणांनी टाळ्या वाजवल्या, ऑफिसच्या मुलीने सगळ्यांसाठी वाजवल्या.

आता निरीक्षण आहे म्हणून सकाळची गोळी सोमवारपासून मलाही चालू झाली. आजार परत यायच्या आधीच थोपवायचा असं ठरलं आहे. तू म्हणाली होतीस तसंच आहे, डोकं जड होतं आणि मग काही नाही.

अण्णांना मी कुठे गेले असं सांगितलंस? काहीही सांग, पण मी रुसले असं सांगू नकोस. त्यांना सूप देताना चमचा आधी आपल्या ओठाला लावायचा, गरम नाही हे दाखवायचं, मगच ते तोंड उघडतात.

कळावे. तुझी माया आटू देऊ नकोस.

बारकी


१९ मे
घरून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आजही फारसं नाही.

अण्णा ठीक. इंजेक्शन वेळेवर मिळालं. चमच्याची युक्ती चालली. नकला मला येत नाहीत, एकदा करून पाहिली, तेव्हा ते काळजीने माझ्याकडे बघायला लागले. एप्रिलमध्ये रोज तुला विचारायचे. मग मलाच बारके म्हणून हाक मारायला लागले. दोन दिवस मी दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. सूप जास्त जातं त्या हाकेनंतर. ताई कुठे आहे असं विचारतात तेव्हा मी कामावर गेली आहे असं सांगते, आणि ते खरंच आहे.

दुपारी ते झोपले की मी ओसरीवर बसते. सवयीने पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून फिरवते. आपल्या विहिरीच्या पाण्यात खूप काही तरंगतं, सगळं रिजेक्ट करावं लागेल. शेजारच्या काकूंनी मला विणकाम शिकवायला घेतलं आहे. त्यांना वाटतं मी रिटायर झाले.

मला कामाचं लिही. तू फक्त जेवलीस का, झोपलीस का एवढंच लिहितेस, तेवढं मला नको. कुठल्या बॅचच्या बाटल्या आहेत, पडद्यावरचा दिवा बदलला का, खिडकीवाली अजून खोक्यांतच आहे का, हेडमास्तर कुणावर फुगले, ते लिही. मी अकरा वर्षांत प्रथमच पंधरा दिवसांहून जास्त तिथे नाही, आणि तिथे माझी रोज हजेरी लागते आहे.

तू सुट्टी काढून दोन दिवस येऊन जा. अण्णांना एकदा खरी बारकी दिसू दे.

लोभ असावाच, पण पत्रही असावं.

तुझी,
ताई


२० ऑगस्ट
खोलीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कामाचं लिहायला सांगितलंस म्हणून लिहिते.

हेडमास्तर गेले. काढलं नाही, त्यांचंच काम उरलं नाही. शेवटच्या दिवशी ते आपल्या रांगेतून चालत गेले, माझ्या स्टुलाशी थांबले आणि दोघींनाही नमस्कार सांगा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. त्यांच्या जागी भिंतीवर मोठी स्क्रीन आहे. कारखान्याचा नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपक्याखाली नाव. कोण कुठल्या खोलीत किती मिनिटं आहे ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या आठवड्यात बाया लाजून बाथरूमलाच जाईनात. आता जातात. खिडकीवालीनेही जूनमध्ये चिप घेतली, तिला खिडकी परत मिळाली. ती आता खिडकीतून बघत नाही. मान वळली की नोंद होते अशी अफवा आहे, खरी नसेल.

निरीक्षणातल्यांना एक पेटी दिली आहे, ती उशाजवळ ठेवायची. झोपताना हात तिच्याजवळ हवा, म्हणजे डोळ्यांना किती विश्रांती मिळाली ते तिला कळतं. एक दिवस पेटी रिकामी राहिली तर सकाळी कारण द्यावं लागतं. घरी यायचं म्हणून मी अर्ज केला. वडील आजारी आहेत असं लिहिलं. उत्तर आलं की वडिलांच्या इंजेक्शनची नोंद नियमित आहे आणि प्रकृती स्थिर आहे, आणि मला प्रवासाने त्रास होईल.

बाटल्यांचं सांगते. मी रोज चोवीसशे करते. जुलैमध्ये मला एकेक बाटली बघताना तुझी आठवण यायची, म्हणून मी तुझ्यासारखं करायला लागले. शंका आली की बाजूला. चार दिवसांत आकडा एकवीसशेवर आला आणि रिजेक्ट वाढले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. रेघ दाखवली. जुनी लक्षणं डोकं वर काढत आहेत असं म्हणाले आणि गोळी दुप्पट केली. मी सांगितलं की बाटलीत काहीतरी दिसलं होतं. त्यांनी ते लक्षणांच्या खाली लिहिलं.

त्यानंतर मी नेहमीसारखं करते. ताई, गेल्या आठवड्यात एक बाटली आली. काळ्यासमोर वाटलं की काही आहे. पुन्हा फिरवायला वेळ लागला असता. मी ती पुढे जाऊ दिली. ती गेली. तुला सांगितल्याशिवाय राहवेना. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण सकाळची गोळी घेतलेली होती.

कळावे. मला दूर करू नकोस.

तुझी,
बारकी


२ सप्टेंबर
घरून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

त्या बाटलीचं मी कुणाला लिहू? माझ्या नावावर गेली ती. मीच पुढे जाऊ दिली असं कागद सांगेल, आणि तेच मला बरं वाटतं. तू झोप. पेटीजवळ हात ठेव.

तुझी,
ताई


१२ जानेवारी
घरून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

काल कंपनीचं पत्र घरच्या पत्त्यावर आलं. जाड कागद आहे, वर माझं पूर्ण नाव आहे, एकही चूक नाही. लिहिलं आहे की जुलैमधले चार दिवस सोडले तर नऊ महिन्यांच्या निरीक्षणात पूर्वीचा चढउतार पुन्हा दिसला नाही. काम एका लयीत आहे, रिजेक्टचं प्रमाण योग्य आहे, विश्रांती पुरेशी आहे. म्हणून माझा आजार पूर्ण बरा झाला असं डॉक्टरांनी प्रमाणित केलं आहे. माझं अभिनंदन केलं आहे, आणि इतर कामगारांना धीर यावा म्हणून माझी गोष्ट, नाव न देता, नोटीस बोर्डावर लावायची परवानगी मागितली आहे. फॉर्मवर पुन्हा दोन चौकटी आहेत. गोळी हळूहळू बंद करतील, तुला तेवढा आराम पडेल. शेवटी एक ओळ आहे की पूर्वीची लक्षणं पुन्हा आढळल्यास त्वरित कळवावे.

मी ते दोनदा वाचलं. पूर्वीची लक्षणं म्हणजे मी. एकोणीसशे बाटल्या म्हणजे मी, शंका म्हणजे मी. त्यांनी अकरा वर्षांतले माझे सगळे पंधरवडे एकत्र केले आणि त्याला औषध दिलं, आणि ते लागू पडलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी पत्र घडी करून ओसरीवर बसले आणि काकूंच्या लोकरीचा गुंता सोडवला. तो सुटला.

अण्णांनी विचारलं कुणाचं पत्र. त्यांची आज सकाळ चांगली होती, म्हणून मी सगळं वाचून दाखवलं. ताई आजारी होती हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही म्हणून ते आधी रागावले. मग बरी झाली हे त्यांना कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं आनंदलेलं मी त्यांना पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. माझा हात धरून मला म्हणाले की बारके, आता ती बरी झाली ना, मग तिला एकदा घरी बोलाव, किती दिवसांत ती माझ्याजवळ बसली नाही.

मी त्यांच्या पायाशीच बसले होते. मी सांगितलं की ताईला रजा मिळत नाही.

त्यांनी माझा हात थोपटला. मग म्हणाले की चालेल, नाही आली तरी चालेल, बरी आहे एवढं पुरे. आणि सूप सगळं संपवलं.

फॉर्म सोबत पाठवते आहे. सही आता तुझी चालते, तूच कर. मी बरी आहे, तूही बरी राहा, आणि इथल्या दोघांवर लोभ असू दे.

तुझी,
ताई